बर्फ वजा करून

बोलुंगारविकच्या धक्क्यावर मी वजनं घेतो.
एकतीस वर्षं झाली.
कॉड, हॅडॉक, टबात बर्फासकट येतात
आणि मी बर्फ वजा करतो.
मापात पाप नको, एवढंच शिकलो बापाकडून.

सोलरून माझी मुलगी.
बाविसाव्या वर्षी एकोणपन्नास किलो.
अन्नात कुणीतरी काहीतरी कालवतंय
असं तिला भिंत सांगायची, नळ सांगायचा,
हवामानाच्या बातम्या देणारी बाई तर नाव घेऊन सांगायची.
फेब्रुवारीत ती अनवाणी धक्क्यावर आली,
माझ्या खोलीच्या काचेवर बोटाने लिहिलं: खाऊ नका.
त्या दिवशी हॅडॉकचा एक आकडा चुकला माझा.
वहीत तो अजून तसाच आहे.

मग गोळी आली.
रात्री एक, पिवळी, जिभेवर विरघळणारी.
तिसऱ्या आठवड्यात भिंत गप्प झाली.
सोलरूनने विचारलं, बाबा, तुझ्या कानाला काय झालं?
कान थंडीने सोलवटला होता. त्यालाही चार महिने झाले होते.
चार महिन्यांनी मी तिला दिसलो.

आणि भूक आली.
भूक लागते म्हणतात; ही लागली नाही,
ही राहायलाच आली.
रात्री दोनला फ्रिजचा उजेड जिन्यापर्यंत,
राईची पावरोटी, लोणी, उरलेले बटाटे,
उभ्याउभ्याच.
बायको म्हणाली, कुलूप लावू या का?
जिला अन्नात विष दिसत होतं
तिच्यापुढे अन्न बंद करायचं?
आम्ही अंधारात पडून चमच्याचा आवाज ऐकत राहिलो.

गाव म्हणालं, अंग धरलं हो पोरीनं.
साठ किलोपर्यंत म्हणालं.
सत्तरनंतर गाव माझ्याशी वाऱ्यापावसाचं बोलू लागलं.

दर महिन्याला बोगद्यातून इसाफ्योर्दला.
कमरेला टेप, बोटातून रक्ताचा थेंब, मग काटा.
ऐंशी. शहाऐंशी. एक्याण्णव.
सोलरून बूट काढते, स्वेटर काढते, कानातले काढते.
नर्स थोर्दिस म्हणते, कानातले राहू देत गं.
साखरेसाठी आणखी एक गोळी. आणि चाला म्हणाली.
नोव्हेंबरातला वारा इथे चालू देत नाही माणसाला,
तरी चालतो आम्ही, शाळेपर्यंत आणि परत.
तलावावर मात्र ती येत नाही.
तिथे पाण्यात उतरण्याआधी चारचौघींत
उघड्याने अंग धुवावं लागतं.

धाकटीच्या लग्नाचा निळा पोशाख बसेना
त्या आठवड्यात लोकरीच्या मोज्यात सापडल्या
अकरा गोळ्या.
मी त्या माझ्या काट्यावर ठेवल्या.
शून्य.
परत आलो तर ती स्वयंपाकघरात बसलेली,
नळाला टॉवेल गुंडाळलेला.
पुन्हा बोलायला लागलाय, म्हणाली,
आणि हात पुढे केला.

रात्री मी हिशोब करून पाहतो.
एक्याण्णवातून गोळी वजा, भूक वजा,
उरेल ती माझी मुलगी.
जमत नाही.
बर्फ वितळतं आणि मासा वेगळा उरतो.
हे दंड तिचेच आहेत, ही मान तिचीच,
याच मानेने ती आता वळून माझ्याकडे बघते.

काल बोट उशिरा आली.
सोलरून माझा डबा घेऊन आली आणि
ट्रकच्या काट्यावर जाऊन उभी राहिली.
तो काटा माणसांसाठी नाही, वीस-वीस किलोनेच मोजतो.
ऐंशी, शंभर, ऐंशी, शंभर,
त्याचं काही ठरेना.
ती हसायला लागली.
बाबा, याला माहीतच नाही!

मी बाहेर आलो, तिच्या शेजारी उभा राहिलो.
एकशे ऐंशी. स्थिर.
त्यात कुणाचं किती, ते काही लिहून आलं नाही.
डब्यातलं सूप तिने वाटेतच अर्धं पिऊन टाकलं होतं.
उरलेलं अजून गरम होतं.